निळा डाग माझा नव्हे

“श्वास आवर गं पोरी, भिंगावर वाफ धरते!”

प्रयोगशाळेतल्या काकांचा हा आवाज किती वर्षांपूर्वीचा, तरी माझ्या नळीत अजून घुमतो. मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. काका मला रोज मऊ फडक्याने पुसत आणि म्हणत, “हा गडी खोटं बोलत नाही.”

ती पोरगी डॉक्टरेटचं संशोधन करायला आली होती. तिचे मासे करंगळीपेक्षा बारीक, अंगावर पट्टे, आणि हृदय खसखशीच्या दाण्याएवढं. त्याचं टोक कापलं, तर दोन महिन्यांत पुन्हा भरून येई. माणसाचं हृदय असं भरत नाही, तिथे व्रण राहतो. माशांना हे जमतं कसं, एवढंच तिला हवं होतं. सोबतचे चिडवत, “काय मासेवाली, आज ताजे आहेत का?” ती म्हणे, “ताजे आहेत, पण गिऱ्हाईक बरं नाही!”

रंग दिला की भरलेलं मांस नारिंगी दिसे, व्रण निळा. तीन वर्षं माझ्याखाली नारिंगीच नारिंगी. मग तिने काही माशांच्या भरलेल्या हृदयांना पुन्हा जखम केली, आणि पुन्हा. त्यातल्या सातांवर निळा डाग उरला.

“हे सात वगळ,” तिचे मार्गदर्शक सर म्हणाले.

“सर, पण ते खरंच...”

“हृदय दर वेळी भरतं, असं आपण सगळीकडे सांगून बसलोय. वहीत लिही, भिंगात दोष. नाहीतरी डबडंच झालंय ते.”

डबडं! अहो, त्याच सकाळी, त्याच भिंगाखाली एकदाच कापलेली हृदयं लख्ख दिसली होती. नारिंगी दिसलं की मी शहाणा, आणि निळं दिसलं की मी आंधळा? पण मला जीभ नाही. जिला होती, तिने मान खाली घालून लिहिलं: भिंगात दोष.

तिला पदवी मिळाली. ती तिथेच शिकवू लागली. माझ्या गळ्यात ‘नादुरुस्त’ अशी चिठ्ठी आली आणि मी खोलीच्या कोपऱ्यातल्या कपाटावर गेलो. काका निवृत्त झाले. धूळ मी सोसली, मित्रांनो. जुन्याच्या वाट्याला ती येतेच. आळ सोसवत नाही. आमच्यावरची धूळ पुसाल तेव्हा चिठ्ठीही वाचा, आणि ती कोणी लिहिली ते विचारा.

परवा एक नवी संशोधक नव्याकोऱ्या यंत्रापुढे रडत होती. “ताई, पुन्हा पुन्हा कापलेली हृदयं माझ्याकडून भरतच नाहीत. सगळ्यांवर निळे डाग! हात वाईट आहे माझा. मी हे सोडून घरी जाते.”

सर तिथेच उभे होते. “हात सुधार,” ते म्हणाले. “हिची सगळी भरली होती.”

ती ताई म्हणजे माझी मासेवाली. तिने मुलीच्या खांद्यावर हात ठेवला.

“नव्हती भरली,” ती म्हणाली. “सात नव्हती भरली. तुझा हात चांगला आहे. भिंगही चांगलं होतं. खोटं मी लिहिलं.”