दानशूर मोना

केर्तू फिनलंडच्या शाळेत स्पॅनिशमध्ये पहिली यायची. ही गोष्ट ती आता कुणाला सांगत नसे.

वर्षभरासाठी ती स्पॅनिश बोलणाऱ्या सोगामोसो गावी शिकायला आली, तेव्हा विमानात बसून तिनं एक सुंदर वाक्य जुळवलं होतं: तुमच्या घरी राहायची संधी मिळाली हा मी माझा सन्मान समजते. घ्यायला आलेल्या यजमानीणबाई दोन्या फ्लोर अल्बांसमोर तिनं ते सुरूही केलं. पण ती क्रियापदापर्यंत पोचेस्तोवर बाईंनी तिची बॅग गाडीत टाकली होती, तिला कवेत घेऊन सोडलं होतं आणि तिच्या तोंडात चीजचा गरम पाव कोंबला होता. सन्मान घशातच राहिला.

शाळेत केस सोनेरी म्हणून तिचं नाव पहिल्याच दिवशी 'मोना' पडलं. शेजारच्या बाकावरची मेरी लुस म्हणाली, "मोना, तुझं खोडरबर भेट दे ना."

केर्तू चपापली. भेट? तिच्याकडे भेटी नाताळात देतात, आणि तेव्हाही घेणारा लाजून अर्धा होतो. पण देश तसा वेश. तिनं दिलं. तास संपल्यावर मेरी लुस ते परत करू लागली, तेव्हा केर्तूनं व्याकरणाची एकही चूक न करता सांगितलं, "नाही नाही, तुझंच आहे. भेट दिलेली वस्तू मी परत घेत नाही."

मेरी लुसनं एकदा खोडरबराकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे. "बरं बाई."

मग पेन गेलं, पट्टी गेली, पाऊस आला त्या दिवशी छत्री गेली. कुणी काही परत आणलं की केर्तू हात मागे घ्यायची. एकदा गणिताचे एवारिस्तो सर म्हणाले, "चला, सगळ्यांनी वह्या भेट द्या पाहू." अख्ख्या वर्गानं खळखळ न करता वह्या टेबलावर ठेवल्या. काय उदार देश! केर्तूनं आपल्या वहीवर घाईघाईनं लिहिलं, 'सरांस, सप्रेम.' दुसऱ्या दिवशी वही परत आली. खाली लाल शाईत होतं, 'आभारी आहे. पण तिसरं गणित चुकलंय.' सरांना भेट आवडली नाही, एवढाच अर्थ तिनं काढला.

हळूहळू तिच्याकडे कुणी काही मागेनासं झालं. मधल्या सुट्टीत मुली घोळक्यानं बसत आणि ती आली की घोळका जरासा घट्ट होई. लिंबू पिळून झालं, आता सालीशी कोण बोलतंय, असं तिला वाटलं. आधी बरंही वाटलं होतं, निदान कंपास तरी वाचला! पण वाचलेल्या कंपासाशी गप्पा मारता येत नाहीत.

शेवटी तिनं बाबांना फोन केला. "मी महिनाअखेरीला परत येते."

बाबा बस चालवायचे आणि शेवटच्या थांब्यावर गाडी उभी असली की विणकाम करायचे. ते म्हणाले, "बरं. स्वेटर ऊबदार आहे ना?"

"आहे."

त्यांच्या घराच्या मानानं बोलणं लांबलंच होतं.

तो स्वेटर बाबांनीच विणलेला, डावी बाही दोन बोटं लांब. केर्तू तो अंगावरून काढतच नसे. आणि शनिवारी सकाळी, ती दुधातल्या अंड्यांचा वाडगा पुढ्यात घेऊन बसली असताना, दोन्या फ्लोर अल्बा सहज म्हणाल्या, "राणी, तो स्वेटर भेट दे मला."

चमचा हातातच राहिला. म्हणजे ह्यासुद्धा!

ती खोलीत गेली. कवचकुंडलं उतरवावीत तसा स्वेटर उतरवला, वर्तमानपत्रात गुंडाळला, केसांची रिबीन सोडून बांधली. बाई मागच्या अंगणात कपड्यांच्या हौदाशी फेसानं माखून उभ्या होत्या.

"घ्या," केर्तू म्हणाली. "बाबांनी विणलाय. डावी बाही लांब आहे, माफ करा." आणि भोकाड पसरलं.

"अगं, हे काय? धुवायला मागितला, तर रिबीन बांधून आणलास?"

"धु... धुवायला?"

"नाहीतर काय! तू कोपऱ्यावर आलीस की शेजाऱ्यांच्या कुत्र्याला आधी कळतं."

"पण तुम्ही म्हणालात, भेट दे!"

बाईंनी हातांवरचा फेस झटकला. मग हौदाच्या कठड्यावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "अगं वेडे, इथं सगळं भेटच मागतात. नुसतं 'दे' कसं म्हणायचं? कानाला टोचतं. मी दुकानात 'तांदूळ भेट द्या' म्हणते आणि पैसे मोजून येते. डॉक्टर म्हणतो, 'हात भेट द्या.' तो काय हात घरी नेतो?"

केर्तूच्या डोळ्यांपुढून खोडरबर गेलं, छत्री गेली, आणि मग 'सरांस, सप्रेम' आलं. ती तिथंच ओल्या फरशीवर बसली. "मी शाळेत सगळं देऊन टाकलं. परत घेतलंच नाही."

"म्हणून होय! मेरी लुसची आई मला बाजारात म्हणत होती, तुमची मोना भारी गर्विष्ठ हो, आमच्या पोरीचा हात लागलेली वस्तू परत घेत नाही."

पिळलेलं लिंबू म्हणे! लिंबानंच सगळ्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं होतं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

"आता काय करू?"

"माग काहीतरी," बाई स्वेटर बुचकळत म्हणाल्या. "देणं सोपं असतं गं, राणी. मागून बघ."

मागायचं! त्यापेक्षा भिजत घरी जाणारं खानदान तिचं. पण सोमवारी, पाऊस भुरभुरत असताना, ती मेरी लुसच्या घोळक्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मेरी लुस, माझी छत्री मला भेट दे."

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"तुझीच छत्री?"

"माझीच."

"आणि तुला भेट?"

"हो. आणि मी गर्विष्ठ नाही. मला भेट म्हणजे भेटच वाटली. मी मूर्ख आहे."

स्पॅनिशमध्ये 'आहे'ला दोन क्रियापदं असतात. एक तात्पुरत्या गोष्टींचं, दुसरं जन्मभराचं. केर्तूनं नीट विचार करून जन्मभराचं वापरलं होतं.

मेरी लुसनं नकारार्थी मान हलवली. "चुकलीस," ती म्हणाली. "तात्पुरतं म्हण." मग तिनं दप्तरातून छत्री उपसली. "रोज वागवतेय हिला! आई म्हणते परत कर, आणि तू घेशील तर शपथ! सरांच्या वहीचं पण तेच होतं की काय?" सगळा घोळका हसून फुटला, आणि केर्तूही.

घंटा झाली तसा पाऊस वाढला.

"मोना, छत्री भेट दे गं," मेरी लुस म्हणाली.

"देते," केर्तू म्हणाली. "पण परत पाहिजे."

दुपारी शाळेतून घरी येताच तिनं बाबांना फोन केला. "स्वेटर धुतला. आटला. डावी बाही आता बरोबर बसते, उजवी आखूड झाली."

बाबांनी सुया बाजूला ठेवल्याचा आवाज आला. "महिनाअखेरीला आलीस की उसवून देतो."

"महिनाअखेरीला नाही येत," केर्तू म्हणाली. "वर्ष संपल्यावर उसवा. तोवर मी हात खिशात घालते."