सईसाठी शब्द

स्कूटर बंद झाली तरी सईने हेल्मेट काढलं नाही. अनसूयाबाई मागून सावकाश उतरल्या, निऱ्या सारख्या केल्या आणि शरणपूर रोडवरच्या त्या दुमजली इमारतीकडे पाहत राहिल्या.

"वर येत नाहीस?"

"नको आजी. एवढी आर्किटेक्ट झाले, आणि नोकरी मागायला आजीला घेऊन आले! मी इथेच बरी."

"नुसता शब्द टाकणार आहे गं मी."

"टाक. पण बेताने. बालवाडीत मी काढलेल्या घराचं कौतुक नको सांगत बसूस."

पुण्याचं ऑफिस बंद पडल्यापासून सई नाशिकला घरी बसून होती. अर्ज पाठवायची; उत्तर येत नसे. टाइल्सच्या एका शोरूमला सोमवारी होय की नाही ते कळवायचं होतं. "तिथे गेले की माझं प्लॅन काढणं संपलंच," असं काल जेवताना म्हणाली आणि ताटात भात टाकून उठली.

जिना चढून आल्यावर अनसूयाबाईंनी सवयीने चपला दाराबाहेर काढल्या. मोठ्या साहेबांचा तसा दंडकच होता, कागदावर धूळ बसता कामा नये. साहेबांचे पेन्सिलीतले नकाशे पारदर्शक कागदावर शाईने उतरवायचे, हे त्यांचं इथलं काम. लग्नाच्या आधीपासून त्या ते करत होत्या. मग कॉम्प्युटर आले आणि ते काम संपलं. अजूनही दुपारी आडव्या झाल्या की त्यांचं बोट चादरीवर सरळ रेघ ओढत राही.

पूर्वी खिडक्यांना लागून टेबलं होती. प्रत्येक टेबलावर वाकलेलं एक डोकं, आणि कोपऱ्यात हळू आवाजात रेडिओ. आता काचेचे कप्पे होते, आणि बहुतेक रिकामे. साहेबांचा मुलगा मयुरेश नकाशांच्या गुंडाळ्यांच्या ढिगात एकटाच बसला होता.

"अरे, काकू! या, या. चपला कशाला काढल्यात?"

त्यांनी सईबद्दल सांगितलं. बालवाडीतलं घर गाळलं. मयुरेशने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळ चोळलं.

"तुमच्याशी खोटं काय बोलू, काकू? नवी कामंच नाहीत. बिल्डर प्लॉट धरून बसलेत. दोन पोरांना मी स्वतःच घरी पाठवलं. सध्या जुन्या इमारतींची दुरुस्ती तेवढी चालू आहे, आणि त्यात बाबांचे हे कागद. एकेक चारदा बदललेला. शेवटचा कुठला, मला तरी कुठे कळतंय?"

त्याने एक गुंडाळी पुढे सरकवली. अनसूयाबाईंनी ती उलगडली. घोटीच्या शाळेचा जिना. कागद पिवळा पडला होता, शाई मात्र काळीभोर. एका जागी बोटाला खरखरीत लागलं. चुकलेली रेघ तिथे त्यांनीच ब्लेडने खरवडली होती, आणि तेव्हा शेजारच्या टेबलावरून मंगला ओरडली होती, "भोक पाडशील अनसूये, मग जिन्याखाली विहीर निघेल!" सगळं ऑफिस हसलं होतं. साहेबसुद्धा.

त्यांनी बोट तिथून उचललं नाही.

"हा नव्हे," त्या म्हणाल्या. "यानंतर जिना फिरवला होता. तो कागद असेल यातच. शोधावा लागेल."

मयुरेश त्यांच्याकडे बघत राहिला.

"काकू, तुम्हीच येता का? तीन-चार महिन्यांचं काम आहे. एकाच माणसाचं, पण आहे. खिडकीजवळ टेबल लावून देतो."

"किती वाजता येऊ?"

शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना ते ऐकू आले.

"दहाला या. सोमवारपासूनच. आणि नातीचा बायोडेटा पाठवून ठेवा. कामं निघाली की बघू."

जिना उतरताना त्यांनी कठडा धरला नाही.

सई फाटकाशी उभी होती. त्यांना पाहताच ती धावत आली आणि तिने त्यांचे दोन्ही हात धरले.

"झालं ना? आजी, झालं ना माझं काम? बघ, तुझा चेहराच सांगतोय!"

अनसूयाबाईंनी हात सोडवून घेतला आणि पदराने तोंड पुसलं. मग पुन्हा एकदा, जोराने.