दाढेतली टकटक

सासूबाई हल्ली जेवताना मध्येच थांबायच्या आणि घास गालात धरून कान द्यायच्या. काल माझा पेशन्स संपला. ताटावरून उठवून मी त्यांना खाली क्लिनिकच्या खुर्चीत बसवलं. मी दातांची डॉक्टर. खुर्ची मात्र सासऱ्यांची, ते गेल्यापासून मी चालवते.

सासूबाईंच्या खालच्या दोन दाढा गेल्या, तेव्हा सासऱ्यांनीच तिथे हाडात आखूड इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दाढेचे स्क्रू, बसवले होते. हाड उथळ, खाली लगेच नस, लांब स्क्रूला जागाच नव्हती. "एवढासा खिळा कसला तग धरतोय!" म्हणून त्यांच्या डॉक्टर मित्रांनी नाकं मुरडली. सासरे महाहट्टी. दर तपासणीला तोंडात घालायच्या छोट्या आरशाच्या दांड्याने दाढ वाजवून बघायचे. आवाज खणखणीत आला की स्वारी खूश.

"काय होतंय, आई?"

"काही नाही गं. हे वाजवतात."

"कोण?"

"कोण म्हणजे? घास चावला की टक. अजून तपासतात."

मी कान जवळ नेला. त्यांनी दात मिटले. टक. अगदी तसंच. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला आणि पाठोपाठ रागही.

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"तू बंद केलं असतंस."

मी एक्स-रे काढला. सासऱ्यांचं काम माझ्या हातून उपटायची वेळ आली तर? पण हाडाने दोन्ही इम्प्लांट घट्ट धरले होते. मागच्या इम्प्लांटवर कॅप, म्हणजे वरची कृत्रिम दाढ, धरणारा बारीक स्क्रू तेवढा सैल झाला होता. टकटक त्याचीच.

"तसाच ठेवला तर तुटेल, आई. मग खालचा इम्प्लांटही हातचा जाईल. आवळला तर वर्षानुवर्षं बघायला नको."

त्यांनी खुर्चीवरच्या दिव्याकडे पाहिलं. "त्यांचं काम टिकायला हवं," म्हणाल्या आणि त्यांनी आ केला.

कॅपवरचं बुजवलेलं भोक उघडून मी छोट्या पान्याने स्क्रू आवळला.

"चावून बघा."

त्यांनी दात मिटले. पुन्हा मिटले. मग डोळे बंद करून, हळूच, आणखी एकदा. मीही श्वास रोखून ऐकत होते. खोटं कशाला बोलू, मलाही तो आवाज हवा होता.

"गेले," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांना जाऊन वर्ष होत आलंय. सासूबाईंना रडताना मी काल पहिल्यांदा पाहिलं.