चारशे सतरा नंबरचं कण्हणं

शाळेच्या संमेलनात सूत्रसंचालन केल्यापासून माझं तोंड बंदच होत नाही, असं आई म्हणते. म्हणून चाचणी परीक्षेचा शेवटचा पेपर झाला त्या दुपारी मला मावशीकडे पाठवताना तिने बजावलं, "तिथे गप्प बसायचं. आज तिच्या नोकरीचं ठरणार आहे."

मावशी बस डेपोच्या रेडिओ कक्षात बसते. बासष्ट बस, प्रत्येकीत एक वायरलेस सेट, शिवाय हातात धरायचे सेट वेगळे, आणि या सगळ्यांना मिळून चॅनेल फक्त पाच. बँकेतल्या खिडक्यांसारखंच आहे ते. कुणी बटण दाबलं की सॉफ्टवेअर त्याला मोकळ्या खिडकीवर ढकलतं. पाचही भरलेल्या असल्या, तर त्या बिचाऱ्याला नुसतं टूं टूं ऐकू येतं आणि मावशीच्या स्क्रीनच्या कोपऱ्यातला लाल आकडा एकाने वाढतो. मावशीचे तात्पुरते सहा महिने आज संपत होते. आजचा आकडा विसाच्या आत राहिला तर चार वाजता साहेब कायम करणार, नाहीतर हातात नारळ.

अडीचला आकडा होता चार. आम्ही दोघी एकच चहा अर्धा अर्धा पीत होतो, तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला.

"आई गं."

मावशीने माझ्याकडे पाहिलं.

"मी नाही," मी म्हणाले.

"हुं. आई गं."

स्क्रीनवर नंबर उमटला, हातातला सेट, चारशे सतरा. तो होता सकाळपाळीच्या एका ड्रायव्हरच्या नावावर, आणि ते गृहस्थ बारालाच घरी गेलेले. मावशीने फोन लावला, उचलेनात. इकडे कण्हणं बासष्टच्या बासष्ट बसमध्ये ऐकू जात होतं, आणि ड्रायव्हर मंडळींना तेवढंच हवं होतं. जो तो दुसऱ्याला खासगी कॉल लावून विचारायला लागला, कोण रे हा, दाढ दुखतेय का याची. पाचही खिडक्या भरल्या. लाल आकडा नऊ. मग तेरा.

सगळ्यात मोठा आवाज हेडमास्तरांचा. ते आहेत ड्रायव्हरच, पण जगाला शिस्त लावत असतात म्हणून हे नाव. "कंट्रोल, आवरा या माणसाला. ड्युटीवर कण्हायचं म्हणजे काय? घरी जाऊन कण्ह म्हणावं."

"मावशी, बंद कर ना तो सेट. हे काय बटण."

बटण खरंच होतं. एक क्लिक, की चारशे सतरा मुका. मावशीचा हात माउसवर गेलाही.

"आणि तो कुठे पडलेला असला तर?" ती म्हणाली. "मग त्याने हाक कशाने मारायची?" तिने हात मागे घेतला. सोळा.

सेट टेकडीवरच्या टॉवरला जोडलेला आहे, एवढंच स्क्रीन सांगत होती. त्या भागात तेव्हा अकरा बस. मी आपली स्क्रीनवरची यादी वाचत बसले, प्रत्येक कण्हण्याची वेळ सेकंदासकट. दोन चाळीसला तीन लागोपाठ. मग चाळीस सेकंद काही नाही. मग एक. मग बरीच शांतता, मग दोन. मला ते आधी पोटात कळलं, डोक्यात नंतर. मागच्या सीटवर बसणाऱ्यांना ते पोटातच कळतं.

"हे गतिरोधक आहेत," मी म्हणाले. "तीन आमच्या शाळेच्या फाटकापाशी, एक दवाखान्यासमोर, दोन पाण्याच्या टाकीपाशी. मावशी, तो पडलेला नाहीये. तो बसलाय. सेटवर. दणका बसला की बटण दाबलं जातं."

"कोणती बस?"

"दोन चाळीसला फाटकापाशी नऊ नंबर असते. मी रोज तीच चुकवते."

नऊ नंबर म्हणजे हेडमास्तर.

मावशीने माइक ओढला. "नऊ नंबर, पुढच्या थांब्यावर गाडी उभी करा आणि सीटवरची उशी उचलून बघा."

"मॅडम, उशीचं राहू द्या, आधी त्या कण्हणाऱ्याला..."

"उठा, काका."

मग खरखर. "कंट्रोल, सकाळच्या पाळीचा सेट इथेच राहिला होता. मी न बघता वर उशी टाकली." आणि मग एकदम बारीक आवाजात, "माझा आवाज असा आहे?"

पुढची दोन मिनिटं बासष्ट बसमधून कुणीही बटण दाबलं नाही. हसताना दोन्ही हात स्टिअरिंगवर लागत असावेत. आकडा एकोणीसवर थांबला.

चारला साहेब आले. अहवाल चष्म्याच्या वरून वाचला, मग खालून वाचला. "सेट बंद केला असता तर चारवरच राहिला असता की."

मी तोंड उघडलं. मावशीने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला.

"माणूस सापडल्याशिवाय मी सेट बंद करत नाही, साहेब," ती म्हणाली.

साहेबांनी पेन शोधलं, मावशीचंच घेतलं आणि सही केली. मग म्हणाले, "गतिरोधक ओळखले कुणी?"

मावशीने पाय उचलला. मी साडेचारपर्यंत बोलले.

सोमवारी मी धावत जाऊन नऊ नंबर पकडली, वर्षात पहिल्यांदा. फाटकापाशी पहिला गतिरोधक आला. हेडमास्तरांनी ओठ घट्ट मिटले. दुसऱ्यालाही मिटलेलेच. तिसऱ्याला मागच्या सीटवरून मीच म्हणाले, "आई गं."

आरशात त्यांचे डोळे दिसले. आधी रागावलेले, मग अख्ख्या बसबरोबर खांदे हलायला लागले.