दहा मिनिटं पुढचं घड्याळ

"नाव एक, खूण एक, दारं मात्र सगळी उघडायची हां," पहिल्या दिवशी मला सुरू करताना, माझी देखभाल करणाऱ्या दीपालीबाईंनी बजावलं होतं. मला कान नाहीत, तरी तो आवाज अजून ऐकू येतो.

मित्रांनो, रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात, कोपऱ्यात घरघरणारा जुना सर्व्हर तो मी. प्रत्येकाचं नाव आणि पासवर्ड माझ्यापाशी. ऑफिसातले संगणक विंडोजचे, लॅबमधले लिनक्सचे. बोली वेगळी, पण कुणाला आत घेण्याआधी दोघंही मलाच विचारायचे. अट एकच. विचारणाऱ्याचं घड्याळ माझ्याशी जुळायला हवं. पाच मिनिटांहून जास्त फरक पडला, की ओळखीचा माणूसही मला परका.

बाई निवृत्त झाल्या आणि माझी देखभाल हेडक्लार्क लवूकाकांकडे आली. पूर्णगडची एस.टी. चुकू नये म्हणून काका भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवत. प्रॅक्टिकल परीक्षेच्या सकाळी वीज गेली नि आली. काकांनी मला सुरू केलं, आणि माझी वेळ भिंतीशी जुळेना म्हणून मायेनं जुळवून दिली. ऑफिसातले संगणक माझीच वेळ पाळत. त्यांचं सुरळीत चाललं. लॅबवाले मात्र वेळ इंटरनेटवरून घेत. चाळीस मुलं आपापली नावं सांगत राहिली आणि मी नाही, नाही म्हणत राहिलो.

खापर फुटलं सर्वेशवर, लॅबच्या हंगामी शिक्षकावर. ऑफिस चालतंय, म्हणजे तुझंच लिनक्स बिघडलंय, असं प्राचार्यांनी सुनावलं. एकदा घड्याळं बघा, एवढंच तो म्हणाला. काकांचा चेहरा उतरला. सगळे जेवायला गेल्यावर त्यांनी गुपचूप माझी वेळ मागे घेतली. परीक्षा पुन्हा झाली. सर्वेशची नेमणूक पुन्हा झाली नाही.

माझ्या नोंदींत सगळं होतं. कुणी उघडून पाहिलं नाही, आणि मला तोंड नाही. मित्रांनो, माणसाकडे बोट दाखवण्याआधी आम्हा मुक्यांनी लिहून ठेवलेलं तेवढं वाचत जा.

आज माझ्या जागी नवा सर्व्हर आलाय. वायरी काढायला काकांनी स्वतः फोन करून सर्वेशला बोलावलं. तो आता हातखंब्याला मोबाइल दुरुस्त करतो. तो खाली बसून शेवटची वायर सोडवत होता. काका मागे उभे, हात माझ्या पाठीवर.

"सर्वेश, त्या दिवशी ह्याचं घड्याळ मी पुढे केलेलं," ते म्हणाले. "आणि तू बोललास तेव्हा मागे पण मीच केलं, रे."