अनुक्रमे

ऑफिसात सगळे त्यांना मास्तर म्हणत, पण शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. होते ते संपादक. समोरचा बोलता बोलता चुकला की त्यांची भुवई वर जायची. त्यातून चहावालाही सुटला नव्हता आणि मालकही, म्हणून मास्तर.

संस्था छोटी, पुस्तकं रोजच्या उपयोगाची. घरातला नळ कसा दुरुस्त करावा, कुंडीत भाजी कशी लावावी, तान्ह्या बाळाची काळजी कशी घ्यावी. मास्तरांच्या हातून निघालेल्या पुस्तकात चूक सापडायची नाही, असा त्यांचा लौकिक होता. अडचण एवढीच, की पुस्तक त्यांच्या हातून निघायचं नाही.

"मास्तर," मालक एकदा म्हणाले, "कुंड्यांचं पुस्तक तुमच्याकडे दिलं तेव्हा एखादी कोय पुरली असती, तर एव्हाना सावलीत बसलो असतो."

"घाई हवी की अचूकपणा, ते एकदा ठरवा."

"दोन्ही हवंय. पगार दोन्हीचा देतो."

मास्तरांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. हळू म्हणजे पक्कं, हे त्यांच्या मनात इतकं घट्ट बसलेलं होतं की त्यावर बोलायचीही त्यांना गरज वाटायची नाही.

मग मालकांनी एका वर्तमानपत्रातून एक बाई आणल्या. त्यांचं नाव दुसऱ्याच आठवड्यात तुफान पडलं. शेंगदाण्याची पुडी टेबलावर उघडी, चष्मा डोक्यावर, आणि संध्याकाळी पाचला पर्स खांद्यावर. नवीन पुस्तक हातात आलं की पहिल्या वाचनाला त्या पेनच घ्यायच्या नाहीत. गोष्टीचं पुस्तक वाचावं तशा आरामात वाचत बसायच्या. मास्तरांना वाटायचं, बाई चक्क वेळ काढतायत. पण त्या वेळ काढून काढून मास्तरांच्या एका पुस्तकाच्या वेळात तीन पुस्तकं हातावेगळी करत, हे काही त्यांना समजेना.

एकदा न राहवून त्यांनी तुफानबाईंनी पूर्ण केलेली प्रुफं गुपचूप घरी नेली आणि चुका शोधायला बसले. एक स्वल्पविराम सापडला. एका स्वल्पविरामाने माणसाचं समाधान कसं होणार?

त्याच सुमारास गाडी शिकवणाऱ्या एका बाईंचं पुस्तक मास्तरांकडे आलं. बाईंचं स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. अर्धं आयुष्य त्यांनी शिकाऊ माणसांच्या शेजारी, पाय दुसऱ्या ब्रेकवर ठेवून काढलं होतं. लिहिलंही तसंच होतं, शेजारी बसून बोलल्यासारखं. तुटक वाक्यं. तीच सूचना पुन्हा पुन्हा. मास्तरांनी पहिलं पान वाचलं, सुस्कारा सोडला आणि लाल पेन उघडलं.

पुढचे कित्येक आठवडे जेवायच्या टेबलावर ती प्रुफं पसरलेली. बायको शाळेत गणित शिकवायची. ताट मांडीवर घेऊन जेवता जेवता तिने एकदा एक पान उचलून पाहिलं. काळं कमी आणि लाल जास्त.

"अहो, एवढ्या चुका केल्यात त्यांनी?"

"चुका अशा नाहीत गं. पण वाक्याला डौल नको का?"

"गाडी शिकायला डौल कशाला लागतो?" ती म्हणाली आणि आमटी वाढायला उठली.

पुस्तक एकदाचं जुळून तयार झालं. छपाईची तारीख ठरली. शेवटची प्रुफं बघायला गाडीवाल्या बाई स्वतः ऑफिसात आल्या आणि मास्तरांसमोर खुर्ची ओढून बसल्या. पहिली काही पानं त्यांनी एकेक करून वाचली.

"छान आहे," शेवटी म्हणाल्या. "कुणी लिहिलंय?"

मास्तर हसले. त्यांना ते कौतुक वाटलं.

बाई पुढे वाचू लागल्या आणि मध्यावर थांबल्या. बोट एका ओळीवर टेकवून त्यांनी पान मास्तरांकडे वळवलं. "हे मोठ्याने वाचा बरं."

मास्तरांनी वाचलं. "गाडीचे तोंड उताराकडे अथवा चढाकडे असेल, त्यानुसार पुढची चाके अनुक्रमे रस्त्याकडे व फुटपाथाकडे वळवून ठेवावीत."

"आता मला सांगा, उतारावर लावलेल्या गाडीचा हँडब्रेक सुटला, तर ती कुठे जाईल?"

मास्तरांना गाडी चालवता येत नव्हती. पण चाकं जिकडे वळलीयत तिकडे गाडी जाणार, एवढं कळायला ड्रायव्हर असावं लागत नाही. "रस्त्यावर," ते म्हणाले आणि पान स्वतःकडे ओढून ती ओळ पुन्हा वाचू लागले.

"भर रस्त्यावर. मी लिहिलं होतं, तोंड उताराकडे तर चाकं फुटपाथाकडे. तोंड चढाकडे तर चाकं रस्त्याकडे. लहान पोराला कळेल असं. तुम्ही दोन्ही एकत्र बांधलंत आणि बांधता बांधता उलटं केलंत."

बाईंनी आवाज चढवला नाही, तेच मास्तरांना जास्त लागलं. चूक लेखिकेची नव्हती, छापखान्यात जुळणी करणाऱ्याचीही नव्हती. लाल शाईतली त्यांची स्वतःची होती. त्या एका ओळीवर त्यांनी आख्खी सकाळ घालवली होती आणि वर खूशही झाले होते.

"अजून कुठे कुठे असं झालंय?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही," मास्तर म्हणाले. इतक्या वर्षांत हे उत्तर त्यांनी कुणाला दिलं नव्हतं.

छपाई दोन दिवसांवर आलेली. मालकांना सांगावं लागलं. मालकांनी डोक्याला हात लावला. आपल्या चालीने गेलो तर दोन दिवसांत दुसरं प्रकरणही संपणार नाही, हे मास्तरांना माहीत होतं. ते उठले आणि तुफानबाईंच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

"जरा मदत हवी होती."

तुफानबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शेंगदाण्याची पुडी त्यांच्याकडे सरकवली. "तुम्ही एका वाचनात काय काय बघता?"

"सगळंच. शुद्धलेखन, आकडे, अर्थ, वाक्यरचना..."

"आणि एखादी शंका आली की?"

"तिथेच थांबतो. कोश काढतो."

"म्हणजे पाव पान वाचायचं, अर्धा तास कोशात घालवायचा आणि परत आलात की आधीचं पाव पान विसरलेलं. मी पेपरात हे केलं असतं तर तिसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. शंकेवर खूण करा, पुढे जा. सगळ्या शंका शेवटी एकदम बघा. डावं-उजवं आणि आकडे एका वेगळ्या फेरीत, दुसरं काहीच बघायचं नाही. आणि वाक्य बदलायच्या आधी स्वतःला विचारा, यात चूक काय आहे?"

"चूक नसते हो दर वेळी. खटकतं."

"मग खटकू दे की!"

मास्तरांना राग आला. हिने आपल्याला शिकवावं! पण रागवायलाही सवड नव्हती. त्यांनी लेखिकेची मूळ प्रत आणि प्रुफं शेजारी शेजारी ठेवली आणि फक्त डावं-उजवं, पुढे-मागे, चढ-उतार एवढंच बघत सुटले. गाडीवाल्या बाई घरी गेल्याच नाहीत. शेजारी बसून मूळ प्रत मोठ्याने वाचू लागल्या, मास्तर प्रुफांवर बोट फिरवू लागले. संध्याकाळपर्यंत आख्खं पुस्तक झालं. मास्तरांनी शेवटचं पान दोनदा उलटून पाहिलं, खरंच संपलंय ना म्हणून.

उलटापालट आणखी एकच निघाली, तीही तशीच दोन वाक्यं बांधताना झालेली. मात्र दुसरंच एक सापडलं. बाईंनी प्रत्येक प्रकरणात चार-पाचदा 'आरसा बघा' लिहिलं होतं. मास्तरांनी एकेक ठेवून बाकीचे पुनरुक्ती म्हणून काढले होते.

"अहो, ती पुनरुक्ती नाही," बाई म्हणाल्या. "मी गाडीत दिवसभर तेच बोलते. घसा बसतो माझा. तेव्हा कुठे माणूस मान वळवतो."

मास्तरांनी सगळे आरसे परत घातले. मग मूळची तुटक वाक्यंही एकेक करून परत आणली. पेन टेकवायचं, यात चूक काय, असं विचारायचं आणि उत्तर आलं नाही की बाईंचं वाक्य होतं तसं ठेवायचं. सुरुवातीला प्रत्येक वाक्याला जिवावर आलं. पाचव्या प्रकरणापासून मात्र हात आपोआप चालू लागला. खऱ्या चुका, म्हणजे शुद्धलेखनाच्या आणि एका चित्राखाली पडलेल्या भलत्याच क्रमांकाची, मोजक्याच होत्या. त्या आता लांबूनही दिसत होत्या. आधी त्याच पानांवर लाल शाईच्या गर्दीत त्यांना त्या दिसल्या नव्हत्या.

पुस्तक ठरल्या दिवशी छापायला गेलं. बाईंनी जाताना हात जोडले. "आता माझं वाटतंय," एवढंच म्हणाल्या.

मास्तर काही एका रात्रीत बदलले नाहीत. भुवई अजूनही वर जायची आणि चहावाल्याची अजूनही सुटका नव्हती. पण पुढच्या पुस्तकाला त्यांनी पहिल्या वाचनात पेन खिशातच ठेवलं. खिशावरचा हात मात्र निघत नव्हता, हे तुफानबाईंनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. पुस्तक वेळेआधी टेबलावर आलं, तेव्हा मालकांनाच संशय आला. ते स्वतः वाचायला बसले आणि काही न सापडल्यामुळे थोडे हिरमुसलेही.

त्यानंतर चुका झाल्याच नाहीत असं नाही. शिवणकामाच्या पुस्तकात बाहीच्या आकृतीखाली गळ्याचं माप छापून गेलं. वाचकांची पत्रं आली. मालक तणतणत आले, तेव्हा मास्तरांनी घाईवर खापर फोडलं नाही. कुठल्या फेरीत काय वाचलं, याची आपली टिपणं काढून पाहिली आणि म्हणाले, "आकृत्यांखालच्या ओळी मी मजकुरासोबतच वाचल्या, तिथे सुटलं. यापुढे त्या वेगळ्या वाचतो."

मालकांनी त्या टिपणांवर नजर टाकली. मग म्हणाले, "बरं," आणि नवीन आलेलं मधमाश्यांचं पुस्तक त्यांच्यापुढे ठेवून निघून गेले.