द्वारकाबाईंची मुलाखत

मधुवंतीबाईंनी बुकित बातोकच्या आपल्या फ्लॅटमध्ये वर्षानुवर्षं दर रविवारी मुलांना मराठी शिकवलं. उरलेल्या वेळात त्यांनी सिंगापुरात सगळ्यांच्या आधी येऊन राहिलेल्या मराठी माणसांच्या मुलाखती टेप केल्या. त्या गेल्यावर तिथल्या मराठी लोकांच्या स्नेहधारा मंडळाने त्यांच्या नावाने प्रदर्शन भरवायचं ठरवलं. टेप्स त्यांच्या मुलीकडे, क्षिप्राकडे होत्या.

मंडळाचे अध्यक्ष निशिकांत परांजपे घरी आले. चहाला हातही न लावता म्हणाले, "सगळ्या मुलाखती ऐकवू. द्वारकाबाईंची सोडून."

द्वारकाबाई परांजप्यांकडेच कामाला होत्या. निशिकांतच्या वडिलांनी त्यांना रत्नागिरीहून आणलं होतं. पासपोर्ट कुलपात, सुट्टी नाही, आई वारली तरी गावी जाऊ दिलं नाही. हे सगळं त्यांनी टेपवर सांगितलं होतं.

"काका, आधी आलेल्यांत द्वारकाबाईसुद्धा होत्या," क्षिप्रा म्हणाली. "आईने त्यांना वगळलं नाही. मीही वगळणार नाही."

"तुझ्या आईला इथे ओळखत कोण होतं? माझ्या बाबांनी तिला चार घरांत नेलं. आणि आता त्यांच्याच नावाला काळं फासतेस?"

"काय घडलं ते द्वारकाबाई सांगताहेत. मी नाही."

"मग प्रदर्शनाला तुझ्या आईचं नाव नसेल."

"नसू दे. टेप्सही मिळणार नाहीत."

त्या आठवड्यात मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून क्षिप्राला काढलं. गणपतीच्या नाचातून तिच्या मुलीला, इराला वगळलं. "आय डोंट केअर लाह," इरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली आणि खोलीचं दार आपटलं. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या टॅम्पिनीसहून भाऊ सारंगचा फोन आला. "ताई, हट्ट सोड. मला या लोकांत राहायचंय."

"राहा," म्हणून तिने फोन ठेवला.

मंडळाचं प्रदर्शन टेप्सशिवायच उघडलं, त्याच दिवशी क्षिप्राने आपल्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकमध्ये, खुर्च्या मांडल्या. मधुवंतीबाईंचे मोजके जुने विद्यार्थी आले. टेप लावणार इतक्यात व्हीलचेअरवरून निशिकांतची आई, अरुणाबाई, आल्या. मागोमाग निशिकांत.

"आई, घरी चल."

"लाव गं," अरुणाबाई क्षिप्राला म्हणाल्या.

द्वारकाबाईंचा आवाज घुमला. "साहेब तरी दिवसभर बाहेर असायचे. कुलपाची किल्ली वहिनींच्या कमरेला होती. आई गेली तेव्हा मी त्यांचे पाय धरले."

"खोटं आहे हे! बंद कर!" निशिकांत ओरडले.

"तू गप्प बस," अरुणाबाई म्हणाल्या. "किल्ली माझ्याचकडे होती."

निशिकांत आईला तिथेच सोडून तरातरा निघून गेले.

टेप संपेपर्यंत अरुणाबाई बसून राहिल्या. मग क्षिप्राकडे बघून म्हणाल्या, "तुझी आई माझ्याकडे जेवून गेली आणि हे टेप करत बसली. तिला मी माफ करणार नाही. पण पुसू नकोस."

पुढे क्षिप्राने सगळ्या मुलाखती ग्रंथालयाला दिल्या, द्वारकाबाईंची पूर्ण नावासकट. निशिकांत अजूनही देवळात तिला बघून तोंड फिरवतात. तीही हाक मारत नाही.